मेंडोलिनवरचा सा-ग-प

कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छाचे, स्वर एकदम न छेडता एकामागून एक वाजवले की त्याला आर्पेजिओ म्हणतात. मेजर कॉर्डचा आर्पेजिओ म्हणजे सा, शुद्ध ग आणि प. मायनरमध्ये फक्त ग कोमल होतो. मेंडोलिनवर हे तीन स्वर हाताखाली इतके सोयीने येतात, की तारा लावणाऱ्याने आर्पेजिओ डोळ्यांसमोर ठेवूनच त्या लावल्या असाव्यात असं वाटावं.

तारा आठ, पण जोडीजोडीने एकाच स्वरात लावलेल्या. म्हणून मोकळे स्वर चारच: जी, डी, ए, ई, म्हणजे व्हायोलिनचेच. त्यांची कंपनं सेकंदाला १९६, सुमारे २९४, ४४० आणि सुमारे ६५९. शेजारच्या कुठल्याही दोघांचा भागाकार करून बघा, दीडच्या आसपास येतो. दीडपट म्हणजे पंचम. एका जोडीला सा मानलं, की पुढची मोकळी जोडी आपोआप तिचा प.

यातून आकृती तयार होते. सा जिथे धरला, तिथून चार पडदे (दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) पुढे ग. प शेजारच्या जोडीवर, सा-च्याच पडद्यावर. त्याच जोडीवर पाच पडदे पुढे तार सा. ए मेजर घ्या: जी-च्या जोडीवर पडदे २ आणि ६, डी-वर २ आणि ७, ए-वर ४ आणि ७, ई-वर ५. दोन सप्तकं झाली. सगळं एक पडदा वर सरकवलं की बी फ्लॅट. मायनर हवा तर दोन्ही ग एकेक पडदा मागे. गिटारवाल्यांना हे सुख नाही. त्यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेतलं अंतर बाकीच्यांपेक्षा अर्ध्या स्वराने कमी, त्यामुळे आकृती तिथे मोडते. शिवाय मेंडोलिनची तार जेमतेम ३५ सेंटिमीटर. दुसऱ्यापासून सहाव्या पडद्यापर्यंत साडेसहा सेंटिमीटरही होत नाहीत, गिटारवर हेच जवळपास बारा. तर्जनी दुसऱ्यावर ठेवून अनामिका सहाव्यावर आणि करंगळी सातव्यावर पोचते ती यामुळेच.

पडदे पक्के असल्याचा एक तोटा आहे. १९६ च्या सा-ला कानाला गोड लागणारा ग पाच-चतुर्थांश पट, म्हणजे २४५. चौथा पडदा देतो २४७. दोन्ही स्वर एकत्र वाजले की सा-चा पाचवा उपस्वर (पाचपट कंपनांचा) ९८० आणि ग-चा चौथा ९८८ एकमेकांना घासतात, आणि आवाज सेकंदाला आठेक वेळा थरथरतो. आर्पेजिओत स्वर सुटे येतात, त्यात मेंडोलिनचा नाद लवकर विरतो, म्हणून ही थरथर फारशी जाणवत नाही. जोडीतल्या दोन तारा आपसात नीट लागलेल्या नसतील तर मात्र काही लपत नाही: ४४० आणि ४४२ असतील तर सेकंदाला दोन हेलकावे, अगदी मोजता येतील असे.

खरी कसरत उजव्या हाताची. वरच्या आकृतीत प्रत्येक जोडीवर दोनच स्वर (शेवटचा सोडून), म्हणून पिक (तार छेडायची छोटी पट्टी) खाली-वर आलटून-पालटून चालवली की प्रत्येक नवी जोडी खालच्या आघातानेच सुरू होते. वरचा आघात देऊन पिक वर निघून गेलेली असते, तिला नुकतीच वाजवलेली जोडी न छेडता ओलांडून पुढच्या जोडीवर उतरावं लागतं. घाईत नेमकी तीच जोडी पुन्हा वाजते. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर ठेवून ठोक्याला दोन स्वर, एवढा वेग सुरुवातीला पुष्कळ झाला.

क्रमाबद्दल एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. १९७९ मध्ये शी आणि मॉर्गन या संशोधकांनी काही जणांना हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवल्या. एक हालचाल घोटून मग दुसरी करणारे सरावात पुढे होते. सरमिसळ करणारे तेव्हा अडखळले, पण दहा दिवसांनी त्यांनाच जास्त आठवत होतं. तो प्रयोग वाद्यावरचा नव्हता, पण बोटांचा सरावही हालचालींचाच. म्हणून ए मेजर वीस वेळा वाजवण्यापेक्षा ए मेजर, सी मायनर, बी फ्लॅट, परत ए मेजर असं फिरावं. ऐकायला ते पहिले काही दिवस भिकार लागतं, घरच्यांना तर फारच.