शिसे मातीत बांधले गेले की बाटलीत?

केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यानंतर शिशाने दूषित झालेल्या मातीवरील उपचार या विषयावरील एका नियोजित परिसंवादाचा कच्चा आराखडा माझ्याकडे अभिप्रायासाठी आला. त्यात चार सत्रे होती: माती खोदून हलवणे, वनस्पतींकडून शिसे शोषून घेणे, जिवाणूंचा वापर आणि फॉस्फेट मिसळणे. मांडणी सुटसुटीत आहे, पण ती मला पटली नाही. उपचार कोणता करावा, याची चर्चा त्यात भरपूर आहे. केलेला उपचार लागू पडला हे कशावरून ठरवायचे, यासाठी मात्र अर्ध्या तासाचीही जागा ठेवलेली नाही. या विषयात खरा वाद आहे तो नेमका तिथेच.

भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री 2000 मध्ये बंद झाली, तरी त्यापूर्वी धुरातून खाली बसलेले शिसे रस्त्याकडेच्या मातीच्या वरच्या थरात टिकून राहते. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतील शिसे वितळवणाऱ्या अनधिकृत भट्ट्यांच्या आसपास तर त्याचे प्रमाण कितीतरी अधिक असते. शिसे हे मूलद्रव्य आहे. जिवाणू तेलाचे विघटन करतात तसे शिशाचे करू शकत नाहीत. फार तर त्याचे एक संयुग मोडून दुसरे घडवतात. त्यामुळे अमुक द्रावण शिंपडा आणि माती ‘विषमुक्त’ करा, अशा जाहिराती शिशाच्या बाबतीत निव्वळ थाप आहेत, मग त्या द्रावणावर सेंद्रिय असे लिहिलेले असो वा पारंपरिक. मोहरीचेही तसेच झाले. मोहरी मातीतले शिसे शोषून घेईल, अशी मोठी आशा 1990 च्या दशकात निर्माण झाली होती. परंतु शिसे मुळांपर्यंत येऊन तिथेच अडते, ते पानांत चढावे म्हणून मातीत ईडीटीए हे रसायन घालावे लागते, आणि त्या रसायनाने सुटे झालेले शिसे पावसाबरोबर भूजलाकडे निघते.

उरतो तो फॉस्फेटचा मार्ग. शिसे मातीतून काढायचे नाही, तर ते पोटात विरघळणार नाही अशा रूपात बांधून ठेवायचे, ही त्यामागची कल्पना आहे. रांगणाऱ्या मुलाच्या बोटांवरून जी माती तोंडात जाते, तिच्यात एकूण शिसे किती आहे यापेक्षा त्यातले जठरात किती विरघळते, हे महत्त्वाचे ठरते. शिशाचा कार्बोनेट, म्हणजे मातीत सापडणारे शिशाचे एक संयुग, आम्लात चटकन विरघळतो. पण शिसे, फॉस्फेट आणि क्लोराइड एकत्र आले की पायरोमॉर्फाइट नावाचे खनिज बनते, आणि ते विलक्षण अविद्राव्य असते. त्याचा विद्राव्यता गुणाकार (पदार्थ पाण्यात किती विरघळतो याचे माप; जितका लहान तितके विरघळणे कमी) सुमारे 10 चा उणे 84 वा घात इतका लहान आहे. (हा गुणाकार शिशाच्या पाच, फॉस्फेटच्या तीन आणि क्लोराइडच्या एका आयनाचा मिळून असल्याने इतर क्षारांच्या आकड्यांशी त्याची थेट तुलना करता येत नाही; तरीही तो लहानच आहे.)

अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या जॉप्लिन गावी, शिशाच्या जुन्या भट्टीजवळच्या जमिनीत, 1997 मध्ये याचा प्रयोग झाला. मातीत वजनाच्या 1 टक्का फॉस्फरस बसेल इतके फॉस्फोरिक आम्ल मिसळले आणि नंतर चुना घालून मातीची आम्लता पूर्ववत केली. आम्लच का, तर उदासीन मातीत शिशाचा कार्बोनेट जवळजवळ विरघळत नाही, आणि शिसे सुटे झाल्याशिवाय फॉस्फेटशी त्याची गाठ पडत नाही. पुढे शिसे कोणत्या संयुगात आहे हे दाखवणाऱ्या क्ष-किरण शोषणाच्या तंत्राने पाहिले तेव्हा, 1 टक्क्याच्या त्या उपचारानंतर सुमारे 45 टक्के शिसे पायरोमॉर्फाइटच्या रूपात गेलेले आढळले.

आता उपचार लागू पडला की नाही हे ठरवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चाचणीकडे वळू. चाळलेली 1 ग्रॅम माती बाटलीत घेतात, तीवर ग्लायसीन या अमिनो आम्लाचे 100 मिलिलिटर द्रावण ओततात, हायड्रोक्लोरिक आम्लाने त्याचा पीएच (आम्लतेचे माप) 1.5 वर आणलेला असतो, आणि ती बाटली 37 अंश सेल्सियसच्या पेटीत तासभर उलटीपालटी फिरवत ठेवतात. मग द्रावण गाळून त्यात उतरलेले शिसे मोजतात. थोडक्यात, हे कृत्रिम जठर होय. साध्या मातीसाठी ही चाचणी स्वस्त आणि भरवशाची आहे. फॉस्फेट घातलेली माती त्या बाटलीत टाकली की मात्र घोटाळा होतो. शेतात शिशाशी संयोग न झालेले फॉस्फेट त्या मातीत पडून असते. बाटलीतले आम्ल शिसेही विरघळवते आणि फॉस्फेटही. क्लोराइड हायड्रोक्लोरिक आम्लातून आयते मिळते. आणि शेतात जी अभिक्रिया झालीच नव्हती, ती बाटलीत काही मिनिटांत उरकते. गाळणीवर पायरोमॉर्फाइट अडकते, खालच्या द्रावणात शिसे कमी भरते आणि अहवालात उपचार यशस्वी ठरतो. फॉस्फेट मिसळलेल्या मातीसाठी ही चाचणी वापरू नये, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेच सांगितले आहे.

पण हा केवळ चाचणीचा दोष मानून पुढे जाता येत नाही, कारण मुलाच्या जठरातही हायड्रोक्लोरिक आम्लच असते. बाटलीत घडते ते तिथेही घडत असेल, तर न वापरले गेलेले फॉस्फेट पोटात गेल्यावर आपले काम करते, असे म्हणावे लागेल. जॉप्लिनची माती संमतीने प्रौढ स्वयंसेवकांना देऊन रक्तातील शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) शोषण मोजले गेले, तेव्हा उपचार न केलेल्या मातीतले सुमारे 42 टक्के आणि उपचार केलेल्या मातीतले सुमारे 13 टक्के शिसे शरीरात गेल्याचे दिसले. ही घट 69 टक्क्यांची आहे, आणि मातीत बांधले गेलेले शिसे मात्र 45 टक्क्यांच्या आसपासच होते. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, तरी उरलेले काम पोटात झाले असावे, ही शंका त्यामुळे बळावते. आणि तसे असेल तर टिकाऊपणाचा प्रश्न पूर्णपणे बदलतो: पायरोमॉर्फाइट दीर्घकाळ टिकेल, पण मोकळे फॉस्फेट पिकांच्या मुळांवाटे आणि पावसाच्या पाण्यावाटे वर्षानुवर्षे कमी होत जाईल आणि त्याबरोबर ते संरक्षणही जाईल. शिवाय वाहून गेलेले फॉस्फेट तळ्यांत शेवाळ माजवते, आणि मातीत आर्सेनिक असेल तर त्यालाही सुटे करते.

पोटाची स्थितीही दुर्लक्षून चालणार नाही. आयडाहो राज्यातील बंकर हिल येथील मातीवर झालेल्या तशाच अभ्यासात उपाशीपोटी सुमारे 26 टक्के शिसे शोषले गेले होते, तर जेवणानंतर जेमतेम 2.5 टक्के. मातीवरचा कोणताही उपचार न करता पडलेला हा दहापट फरक परिसंवादात मृदाशास्त्रज्ञांइतकाच बालरोगतज्ज्ञांनीही ऐकायला हवा.

म्हणून माझी सूचना अशी की, सत्रे उपचारांच्या नावांनी न लावता अभिक्रिया कुठे घडते त्यानुसार लावावीत: शेतात, बाटलीत आणि पोटात. निबंधाच्या सारांशात चाचणीचा पीएच, चाळणीचे छिद्र आणि उपचारानंतर किती काळाने नमुना घेतला, हे नमूद नसेल तर तो सारांश परत पाठवावा. सहभागी प्रयोगशाळांना एकाच भट्टीजवळची, एकाच वेळी चाळून वाटलेली माती आधी द्यावी आणि सोबत मोंटाना राज्यातल्या मातीपासून बनवलेला प्रमाणित संदर्भ नमुनाही मोजायला सांगावा. म्हणजे आकडे जुळले नाहीत तर दोष मातीचा की हाताचा, हे कळेल. शिसे कोणत्या संयुगात आहे हे पाहण्यासाठी परदेशी जाण्याचीही गरज नाही, इंदूरच्या इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण निर्माण करणाऱ्या यंत्रावर) क्ष-किरण शोषणाची सोय आहे. तिथला वेळ अर्ज करून आगाऊ मागावा लागतो. मोकळे फॉस्फेट पावसात किती वाहून गेले, हेही पाहायचे असल्याने मातीचे नमुने पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा असे दोन वेळा घ्यावे लागतील. तेव्हा परिसंवाद हिवाळ्यात ठेवून नमुन्यांची पहिली खेप मे महिन्यातच गोळा करावी.