आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला प्रवेश: पात्रता, कागदपत्रं आणि विकल्प भरताना होणाऱ्या चुका

महाराष्ट्रातल्या आयटीआयमध्ये ज्या ट्रेडच्या जागा आधी भरतात, त्यांत इलेक्ट्रिशियनचा नंबर वरचा आहे. एका तुकडीत जागा २०, त्यातही आरक्षणानुसार वाटणी. मार्क कमी पडले म्हणून जागा हुकली तर ते समजण्यासारखं आहे. पण बऱ्याच जणांची जागा मार्कांपायी जात नाही. नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्राची (कुटुंबाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याचा दाखला) मुदत मार्चमध्येच संपलेली असते, नाहीतर विकल्पांचा, म्हणजे अर्जात भरायच्या पसंतींचा, क्रम घाईघाईत लावलेला असतो. या दोन्ही गोष्टी हातातल्या आहेत, म्हणून इथे त्यांच्याबद्दल जरा जास्त लिहिलं आहे.

पात्रता

सरकारी याद्यांमध्ये हा ट्रेड ‘वीजतंत्री’ या नावाने दिसतो. शेजारीच ‘तारतंत्री’ असतो, तो वायरमन. दोन्ही दोन-दोन वर्षांचे, पण वायरमनला ८वी पास चालते आणि इलेक्ट्रिशियनला विज्ञान व गणित या विषयांसह १०वी पास असावं लागतं. १०वी नापास उमेदवारांना काही ट्रेड मिळतात, हा त्यांत नाही. मुक्त विद्यालयातून १०वी केलेल्यांनी गुणपत्रिकेवर हे दोन्ही विषय आहेत का ते आधी पाहावं. तिथे विषय निवडता येतात, आणि गणित टाळलेलं असेल तर अर्ज इथेच अडकतो.

वय किमान १४ वर्षं पूर्ण हवं. वरची मर्यादा नाही, त्यामुळे १२वी किंवा पदवी झालेलेही अर्ज करतात. गुणवत्ता मात्र १०वीच्या मार्कांवरच ठरते. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत.

एक गोष्ट नियमात ठळकपणे दिसत नाही, तरी सांगून ठेवतो. पुढे रेल्वेत सहायक लोको पायलटसारख्या पदावर जायचं मनात असेल तर तिथे नजरेची आणि रंग ओळखण्याची कडक तपासणी असते. रंगांधत्वाची शंका असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे आत्ताच जाऊन या, दोन वर्षं शिकून झाल्यावर नको.

कागदपत्रं: निकालाच्या आधी, नंतर नाही

सगळ्यांना लागतात ती १०वीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र. आरक्षण हवं असेल तर जातीचा दाखला. फीसाठी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरची योजना घ्यायची असेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेलं, चालू असलेलं बँक खातं.

आता नॉन-क्रीमीलेयर. ओबीसी, व्हीजे, एनटी, एसबीसी आणि एसईबीसी या प्रवर्गांना जातीच्या दाखल्यासोबत ते लागतंच. एससी, एसटींना लागत नाही. प्रमाणपत्रावर अमुक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध, अशी एक ओळ असते. ती ओळ वाचा. प्रवेश जून-जुलैत होतात, म्हणजे त्याच वर्षाच्या ३१ मार्चला संपलेलं प्रमाणपत्र तपासणीत बाद होतं आणि उमेदवार खुल्या गटात मोजला जातो. भावाच्या कॉलेजसाठी काढलेलं, किंवा गेल्या वर्षी शाळेत दिलेलं प्रमाणपत्र आणून लोक निर्धास्त असतात. प्रमाणपत्र उमेदवाराच्याच नावाचं असायला हवं आणि तारीख पुढच्या मार्चची हवी.

वेळ किती लागतो? आपले सरकार सेवा केंद्रात किंवा पोर्टलवर अर्ज केला तर अधिवास आणि उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस, जातीच्या दाखल्याला आणि नॉन-क्रीमीलेयरला २१ दिवस ही ठरलेली मुदत. निकालानंतर सगळा तालुका एकाच वेळी रांगेत असतो, त्यामुळे एप्रिलमध्येच अर्ज टाकलेला बरा. नव्या आर्थिक वर्षाचं प्रमाणपत्र तेव्हा काढलं की मार्चची अडचणही उरत नाही.

ईडब्ल्यूएसमध्ये (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) वेगळाच घोळ होतो. या प्रमाणपत्राचा केंद्राचा नमुना वेगळा आणि राज्याचा वेगळा. आयटीआयचा प्रवेश राज्याचा, म्हणून राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. सेवा केंद्रावर नुसतं “ईडब्ल्यूएस काढा” म्हणू नका, कशासाठी हवंय ते सांगा.

नावाचं जुळणंही तपासा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, एवढ्याने सहसा अडत नाही. पण वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडे टोपणनावाने, किंवा जातीच्या दाखल्यावर जुनं आडनाव असेल तर तपासणी अधिकारी थांबवतात. दाखला दुरुस्त करायचा की राजपत्रात नावबदल करायचा, हे कागदावर अवलंबून असतं. दोन्हीला वेळ लागतोच.

अर्ज

व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश संकेतस्थळावर नोंदणी करायची. शासकीय आणि खासगी आयटीआयच्या केंद्रीय, म्हणजे राज्यभराच्या एकत्रित, फेऱ्यांसाठी एकच अर्ज असतो. मोबाइल नंबर स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचा द्या. सायबर कॅफेवाले सोय म्हणून आपला नंबर टाकतात, मग ओटीपी, निवड झाल्याचा मेसेज आणि पासवर्ड बदलण्याची सोय, सगळं त्यांच्याकडे जातं. नोंदणी क्रमांक आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

माहिती भरून, शुल्क भरून अर्जाची प्रिंट घेतली म्हणजे अर्ज झाला, असं समजू नका. मूळ कागद घेऊन शासकीय आयटीआयमधल्या अर्ज केंद्रावर जाऊन तो निश्चित करून घ्यावा लागतो. निश्चित न केलेला अर्ज गुणवत्ता यादीत येत नाही. केंद्रावर सही करण्याआधी प्रवर्ग, जन्मतारीख आणि मिळालेले गुण पडद्यावर स्वतः वाचा. निश्चितीनंतर तुमच्या लॉगिनमधून ते बदलता येत नाहीत. त्यानंतर प्राथमिक गुणवत्ता यादी लागते आणि हरकतीसाठी थोडी मुदत मिळते. चूक राहिलीच असेल तर ती याच दिवसांत केंद्रावर जाऊन दुरुस्त करून घ्यायची. अंतिम यादी लागल्यावर फार काही करता येत नाही.

विकल्प

इथे एक विकल्प म्हणजे संस्था आणि ट्रेड यांची जोडी. ‘जवळची आयटीआय, इलेक्ट्रिशियन’ हा एक आणि ‘जवळची आयटीआय, वायरमन’ हा दुसरा.

जागावाटप असं चालतं: गुणवत्ता यादीत तुमचा नंबर आला की यंत्रणा तुमची यादी वरून खाली वाचते आणि जिथे पहिली रिकामी जागा सापडते तिथे थांबते. खालच्या क्रमांकावर काय लिहिलंय याने वरची संधी कमी होत नाही. म्हणून “आपले मार्क कमी, तर मिळेल तेच पहिलं टाकू” हा हिशेब तोट्याचा आहे. पहिल्या फेरीत पहिलाच विकल्प मिळाला तर प्रवेश घेणं बंधनकारक असतं. नाकारला तर पुढच्या केंद्रीय फेऱ्या बंद. म्हणजे मनात इलेक्ट्रिशियन असून भीतीपोटी वायरमन पहिला टाकला आणि तोच मिळाला, की तिढा पडला.

खऱ्या आवडीचा विकल्प वर, मग तोच ट्रेड थोड्या लांबच्या संस्थांमध्ये, आणि त्याखाली वायरमन किंवा दुसरा जवळचा ट्रेड, असा क्रम बहुतेकांना चालतो. लांबची संस्था टाकताना पहिली एसटी किती वाजता पोचते आणि वसतिगृह आहे का, एवढं विचारून घ्या. खासगी संस्था टाकण्याआधी फी पाहा, आणि तिथला इलेक्ट्रिशियन ट्रेड एनसीव्हीटीशी (देशपातळीवरची व्यवसाय प्रशिक्षण परिषद) संलग्न आहे ना, याची खात्री करा.

जागा मिळाल्यावर

दिलेल्या तारखेच्या आत मूळ कागदांसह संस्थेत हजर राहून फी भरायची. शाळा सोडल्याचा मूळ दाखला इथे जमा होतो. सुरक्षित म्हणून ११वीला आधीच प्रवेश घेऊन दाखला तिकडे दिलेला असेल, तर तो सोडवून आणण्यात एक-दोन दिवस जातात आणि हजर राहण्याची मुदतही तेवढीच असते. केंद्रीय फेऱ्यांनंतर उरलेल्या जागांसाठी समुपदेशन फेरी होते. इलेक्ट्रिशियनच्या जागा तिथवर क्वचितच उरतात, तरी कोणी प्रवेश रद्द केल्याने एखादी निघते.

वर्ग सुरू झाल्यावर काही आकडे लक्षात ठेवा. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. पास होण्यासाठी प्रात्यक्षिकात ६० टक्के हवेत, लेखी विषयांना ३३. पहिल्या वर्षात प्रात्यक्षिकाचे ८४० तास आणि ट्रेड थिअरीचे २४० असतात, म्हणजे दिवसाचा बराचसा वेळ वर्कशॉपमध्ये उभ्याने जातो. वायरचे जोड, सोल्डरिंग, घरगुती वायरिंग, अर्थिंग, मग दुसऱ्या वर्षी मोटर, स्टार्टर आणि वाइंडिंग. ज्यांनी सुरुवातीचे जोड आणि मोजमाप टाळलं, ते पुढे स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी करताना अडकतात.

हे झालं की राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. त्यावर अप्रेंटिसशिपला अर्ज करता येतो, किंवा डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला. प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख प्रवेशाच्या वेळी नोंदलेल्या माहितीतूनच येते. त्यामुळे परीक्षेच्या हॉलतिकिटावर स्पेलिंग चुकलेलं दिसलं तर निकालाची वाट न बघता त्याच आठवड्यात संस्थेकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.