मधल्या सुट्टीतील मुक्त खेळ आणि शारीरिक हालचाल

शाळेत शिक्षकांनी आखून न देता मुले आपापल्या मनाने जे खेळतात, तो मुक्त खेळ. मधली सुट्टी ही त्याची हक्काची वेळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल सुचवली आहे. तिचा बराच वाटा या सुट्टीत पडू शकतो.

मुलांची हालचाल तुकड्यातुकड्यांची असते. पकडापकडीत मूल जीव तोडून पळते, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकते आणि दम खाऊन पुन्हा सुटते. असे जोराचे टप्पे बहुधा काही सेकंदांचेच. त्यामुळे कमरेला बांधलेल्या त्वरणमापकाची, म्हणजे हालचाल मोजणाऱ्या छोट्या यंत्राची, नोंदही काही सेकंदांच्या अंतराने घ्यावी लागते. मिनिटाची सरासरी काढली, तर धावणारे मूल चालत होते असे वाटते.

बहुतेक पाहण्यांत मुलगे मुलींपेक्षा अधिक हालचाल करताना आढळतात. यावरून मुलींना धावायची आवड नसते असे म्हणणे चूक आहे. मैदान कोणाच्या ताब्यात आहे, हे आधी पाहावे. एक चेंडू आणि मोठी मुले मधली सगळी जागा व्यापतात. मुली आणि लहान मुले भिंतीकडेला सरकतात. जागा वाटून दिली, दोऱ्या-चेंडू पुरेसे ठेवले, की चित्र बदलू शकते. वय वाढते तशी हालचाल घटते आणि उभ्या उभ्या गप्पा वाढतात.

जमिनीवर रंगवलेल्या रेघा आणि चौकटी हा स्वस्त उपाय. त्याने हालचाल वाढल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे, पण नवलाई ओसरली की परिणाम उतरू शकतो. टायर, खोकी, फळ्या अशा सुट्या वस्तूंचे तसे नाही. त्यांतून रोज नवा खेळ निघतो. ऊन, पाऊस, बूट, कपडे यांचाही परिणाम होतो.

पडतील, लागेल या धास्तीने ‘पळू नका’ असा नियम केला, तर प्रशस्त मैदानही वाया जाते. उलट, पाहणाऱ्या शिक्षकाने नुसते प्रोत्साहन दिले तरी मुले खुलतात. गृहपाठ केला नाही म्हणून सुट्टीत वर्गात बसवणे ही ‘पळू नका’ म्हणण्याहूनही वाईट सवय, कारण चुळबुळ करणाऱ्या, म्हणजे हालचालीची सर्वाधिक गरज असलेल्या मुलाच्याच वाट्याला ती शिक्षा पुन्हा पुन्हा येते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१३ मध्येच, शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी मुलांची सुट्टी काढून घेऊ नये, अशी भूमिका जाहीर केली आहे.