टाईट हवा आणि खडीचा रस्ता

सायकलवाल्यांमध्ये हवेचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो, हवा टाईट ठेव, अंगठ्याने दाबलं तर टायर दबता कामा नये, सायकल एकदम हलकी पळते. पंक्चरवाला हेच सांगतो, मोठा भाऊ हेच सांगतो, आणि गुळगुळीत डांबरावर ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण ग्रॅव्हल बाईक (खडी-मातीच्या रस्त्यांसाठीची रुंद टायरची सायकल) घेऊन खडीच्या रस्त्यावर गेलात की हाच सल्ला तुमचा वेग खातो, हात बधिर करतो आणि उतारावर पकडही घालवतो. असं का होतं त्यामागचं भौतिकशास्त्र फार सुंदर आहे, आणि बरीच वर्षं सायकल चालवणाऱ्यांनाही ते माहीत नसतं, म्हणून हा लेख.

उदाहरणासाठी माझा आवडता रस्ता घेतो. इंग्लंडच्या ईशान्येला नॉर्थ यॉर्क मूर्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, १९५२ साली झालेलं. मूर म्हणजे उंचावरचं उघडं माळरान, झाड जवळजवळ नाहीच, हेदरची बुटकी झुडपं मैलोनमैल, ऑगस्टमध्ये सगळं जांभळं, आणि बऱ्याच ठिकाणी खाली पीटची काळी ओलसर माती. माळरान कापत खाली गेलेल्या दऱ्यांमध्ये गावं, दगडी कुंपणं आणि मेंढ्या. त्यातल्या रोझडेल नावाच्या दरीत १९व्या शतकात लोखंडाच्या खाणी होत्या, तो माल काढायला १८६१ मध्ये मूरवरून रेल्वे टाकली आणि १९२९ मध्ये ती बंद झाली. रूळ काढून नेले पण रुळांखालचा भराव तसाच राहिला, दरीच्या डोक्याला वळसा घालून जाणारा, जवळजवळ सपाट. कारण वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नाही. जिथे चढ टाळताच येईना तिथे, म्हणजे इंगल्बीच्या उतारावर, डबे दोराने वरखाली करायचे, तो चढ साधारण पाचास एक, म्हणजे पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आज या भरावावर राख, बारीक खडी, मध्येच मुठीएवढे दगड, पाणी वाहून पडलेल्या चऱ्या, असा सगळा माल आहे. तुम्ही एकाच तासात चार प्रकारच्या जमिनीवरून जाता आणि टायरात हवा मात्र एकच असते.

आता हिशोब करू. सायकल आणि माणूस मिळून ८५ किलो, त्यातलं साधारण ५५ टक्के वजन मागच्या चाकावर, म्हणजे सुमारे ४६० न्यूटन. टायर जमिनीला जिथे टेकतो त्या ठशाचं क्षेत्रफळ गुणिले आतल्या हवेचा दाब म्हणजे जवळपास हे वजन. दाब ६ बार (८७ पीएसआय, दोन्ही दाब मोजायची एककं) असेल तर ठसा साडेसात चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतो आणि २.२ बार (३२ पीएसआय) ठेवला तर २१ चौरस सेंटिमीटर. जवळपास तिप्पट. पकड वाढते हे उघड आहे. पण मग लोक म्हणतात, एवढा टायर जमिनीला चिकटला तर सायकल जड नाही का जाणार?

इथे हिस्टेरेसिस येतो. रबर आणि त्यातला धाग्यांचा थर दाबताना जेवढी ऊर्जा लागते तेवढी तो सुटताना परत देत नाही, काही भाग उष्णता होऊन जातो. चाक फिरतं तसा टायरचा प्रत्येक भाग ठशातून जाताना वाकतो आणि पुन्हा सरळ होतो, आणि दर वेळी थोडी ऊर्जा गळते. हवा कमी तर वाकणं जास्त, गळतीही जास्त. कारखान्यात टायर गुळगुळीत पोलादी ड्रमवर फिरवून तपासायचे तेव्हा हेच दिसायचं, दाब वाढवा आणि रोध (म्हणजे फिरणारं चाक अडवणारा विरोध) कमी होतो, वाढवत राहा आणि कमी होत राहतो. टाईट हवेच्या समजुतीला आधार मिळाला तो इथून. मोजमापात चूक काहीच नव्हती, फक्त ड्रमवर खडी नव्हती आणि ड्रमवर माणूस बसलेला नव्हता.

माणूस बसला की गोष्ट बदलते. समजा टायर अजिबात दबत नाही आणि रस्त्यावर दर अर्ध्या मीटरला असा एक खडा आहे की तुम्ही त्याच्यावरून जाताना सगळ्या वजनासकट ५ मिलिमीटर वर उचलले जाता. ८५ किलो ५ मिलिमीटर उचलायला सुमारे ४ जूल लागतात. ताशी २० किलोमीटर वेगाने तुम्ही सेकंदाला साडेपाच मीटर जाता म्हणजे सेकंदाला ११ खडे, म्हणजे ४५ वॉटच्या आसपास. हौशी सायकलवाला तासभर सलग १५० वॉट काढत असेल तर त्याचा जवळपास तिसरा हिस्सा नुसता उचलण्यात! यातली सगळी ऊर्जा वाया जात नाही, खाली येताना थोडी परत मिळते, पण बराच भाग तुमच्या अंगात जिरतो. सायकलला दुधाची किटली अडकवून खडबडीत रस्त्याने नेली की दूध आत हिंदकळतं आणि किटलीची उसळी लवकर मरते, तसंच स्नायू, पोट, आतडी हे सगळं मऊ सामान हलतं, एकमेकांवर घासतं आणि पायांनी मोठ्या मेहनतीने काढलेल्या ऊर्जेची उष्णता करून टाकतं. थकवा येतो तो नुसत्या चढामुळे नाही, यामुळेही येतो. मऊ टायर काय करतो तर खडा स्वतःच्या पोटात घेतो. जेमतेम अर्धा किलोचा टायर आत दबतो आणि वरचं ८५ किलोचं ओझं जवळजवळ सरळ रेषेत पुढे जात राहतं, दबलेली हवा खड्याच्या पलीकडच्या बाजूला टायरला पुन्हा बाहेर ढकलते, त्यामुळे ऊर्जेचा मोठा भाग परतही मिळतो. हवेत हिस्टेरेसिस जवळपास नाहीच, जो काय आहे तो रबरात, हे लक्षात घ्या, कारण सगळी गंमत यातच आहे.

म्हणजे दोन तोटे एकमेकांच्या उलट चालतात. दाब वाढवला की रबरातला तोटा कमी होतो पण अंगातला वाढतो, आणि दोन्हीची बेरीज एका मधल्या दाबाला सगळ्यात कमी असते. डांबर जितकं गुळगुळीत तितका हा मधला दाब वर सरकतो, खडी जितकी मोठी तितका खाली. शर्यतीवालेसुद्धा याच हिशोबाने २३ मिलिमीटरच्या टायरवरून २८-३० वर आलेत, तेही चांगल्या डांबरावर.

रुंदीचं गणित जरा किचकट आहे पण सांगतोच. टायरच्या कापडावरचा, म्हणजे त्या धाग्यांच्या थरावरचा ताण म्हणजे दाब गुणिले टायरची त्रिज्या. २५ मिलिमीटरच्या टायरात ६ बार भरला तर दर मीटर लांबीमागे ७५०० न्यूटन ताण येतो. ४५ मिलिमीटरच्या टायरात तोच ६ बार भरला तर १३५००. म्हणजे रुंद टायर त्याच दाबाला जवळपास दुप्पट ताठ, आणि २५ च्या टायरएवढाच ताण हवा असेल तर रुंद टायरात ३.३ बार पुरे. म्हणून जुन्या सायकलचा आकडा नव्या रुंद टायरात जसाच्या तसा भरू नये. त्यात कंपनांचं वेगळंच, बसलेल्या माणसाचं धड उभ्या दिशेने साधारण सेकंदाला ४ ते ८ वेळा हलवलं तर त्याला सगळ्यात जास्त त्रास होतो, आणि मीटरभर अंतराने उंचवटे असतील तर ताशी २० च्या वेगाला सेकंदाला साडेपाच धक्के बसतात, बरोबर त्याच पट्ट्यात. अशा वेळी सीटवरून किंचित उठून गुडघे सैल ठेवले की बराच फरक पडतो.

हवेचा टायर आला तोही आरामासाठीच. रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८४५ मध्येच पेटंट घेतलं होतं पण ते चाललं नाही. मग १८८७-८८ मध्ये आयर्लंडमधल्या बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तो पुन्हा शोधला. लोकांनी आधी नावं ठेवली, आणि १८८९ मध्ये त्या टायरवर विली ह्यूम या सायकलपटूने बेलफास्टमध्ये शर्यती जिंकल्या.

आता नायट्रोजनबद्दल. पेट्रोल पंपावर गाडीत नायट्रोजन भरून घ्या, मायलेज वाढेल म्हणतात, आता सायकलवालेही विचारायला लागलेत. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. विमानाच्या टायरात तो भरतात कारण तिथे आगीचा आणि ओलाव्याचा प्रश्न असतो, तुमच्या सायकलला त्याचा काडीचा उपयोग नाही, पैसे देऊ नका. वायूचा फरक खरोखर जाणवतो तो कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्यांत. तो वायू ट्यूबच्या ब्यूटिल रबरातून हवेपेक्षा खूप वेगाने झिरपतो, त्यामुळे रस्त्यात त्याने टायर भरला असेल तर घरी येऊन पंपाने पुन्हा भरा, नाहीतर दुसऱ्या दिवशी बसलेला मिळेल.

हवा किती कमी करायची यालाही मर्यादा आहे. फार कमी केली की दगडाच्या कडेवर रिम आपटते आणि ट्यूब मध्ये चिमटली जाऊन शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, त्याला स्नेकबाइट म्हणतात. ट्यूबलेसमध्ये ट्यूबच नाही म्हणून हा धोका बराच कमी, शिवाय ट्यूबच्या रबराचा हिस्टेरेसिसही वाचतो आणि बारीक भोकं आतलं सीलंट (टायरात ओतलेलं चिकट द्रव) बुजवतं. माझ्यासारख्या ८५ किलोच्या एकूण ओझ्याला, ४५ मिलिमीटर ट्यूबलेस टायर असेल तर रोझडेलच्या भरावावर पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआयपासून सुरुवात करा, ट्यूब असेल तर ४-५ जास्त. मग एकेक पीएसआय कमी करत जा, वळणावर टायर बाजूला लोळतोय असं वाटलं किंवा रिम ठक्कन लागली की दोन पीएसआय वर या. टायरच्या बाजूला छापलेला सर्वात मोठा आकडा ही वरची मर्यादा असते, तेवढी भरा असा सल्ला नसतो, आणि हुक नसलेल्या, म्हणजे टायर धरून ठेवणारी आत वळलेली कड नसलेल्या नव्या रिमवर तर ५ बारच्या वर जायचंच नाही. मोठ्या पंपावरच्या काट्याला इतक्या कमी दाबात दोन-तीन पीएसआयचा फरक नीट दाखवता येत नाही, म्हणून हातात मावणारं छोटं डिजिटल गेज घ्या आणि दर वेळी त्याच एका गेजने मोजा.