मांटाच्या तोंडात गाळणी नाही, भोवरे आहेत

मालदीवला जाऊन कुणी मांटा रे या अवाढव्य चपट्या माशाबरोबर पोहणार म्हटलं, की हमखास प्रश्न येतो: 'अहो, तो काटा मारतो ना?' ही भीती स्टिंगरेची, म्हणजे कोकणात ज्याला पाकट म्हणतात त्याची. २००६ मध्ये टीव्हीवर वन्यप्राणी दाखवणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह आयर्विनचा जीव गेला तो स्टिंगरेच्या काट्याने. मांटा नात्याने पाकटाच्या जवळचा, पण डंख मारणारा काटा त्याला नाही. मांटाच्या जातींपैकी रीफ मांटाच्या पंखांचा विस्तार साधारण ३ ते ३.५ मीटर, महासागरी मांटाचा ७ मीटरपर्यंत. आणि एवढं धूड जगतं ते मुख्यतः प्लँक्टनवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर!

मला वेड लावलंय ते याच्या खाण्याने. तोंड उघडून पोहताना पाणी आत शिरतं आणि कल्ल्यांवाटे बाहेर पडतं. वाटेत कल्ल्यांच्या कमानींवर चपट्या पट्ट्यांच्या दाट रांगा असतात. ही आपली चहाची गाळणीच, असं वाटणं साहजिक आहे. पण गाळणी तुंबते, मांटाची तुंबत नाही. शिवाय पट्ट्यांमधल्या फटींपेक्षा बारीक कणही निसटत नाहीत. हे कसं?

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पट्ट्यांच्या प्रतिकृती आणि संगणकीय गणित वापरून उत्तर शोधलं. मुख्य प्रवाह पट्ट्यांवरून आडवा, वेगाने घशाकडे जातो. त्यातलं थोडं थोडं पाणी प्रत्येक फटीत वळतं आणि पट्टीच्या आडोशाला भोवरा तयार होतो. भोवऱ्याने जागा अडवल्यामुळे वळणाऱ्या पाण्याला पुढच्या पट्टीला खेटूनच जावं लागतं. पाणी तसं जाऊ शकतं, पण कणाला आकारमान आहे. तो पट्टीवर आपटतो आणि उसळून पुन्हा वेगवान प्रवाहात पडतो. असं प्रत्येक पट्टीवर घडत जातं. पाणी बाहेर जातं, प्लँक्टन घशाकडे दाट होत जातं आणि फटीत काही अडकतच नाही. या पद्धतीला रिकोशे सेपरेशन, म्हणजे उसळीने वेगळं करणं, म्हणतात.

याच कल्ल्यांसाठी मांटा मारले जातात. चीनमध्ये वाळवलेले कल्ले शरीर 'शुद्ध' करणारं औषध म्हणून विकतात. वाळलेल्या पट्टीत ना प्रवाह, ना भोवरा. ती काय शुद्ध करणार? मांटाची मादी मात्र वर्षभर गर्भ वाढवून बहुधा एकच पिल्लू देते, तेही काही वर्षांतून एकदा.

हे खाणं बघायला जावं ते मालदीवच्या बा अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे प्रवाळाचं कंकणाकृती बेट) हनिफारूला. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला या नरसाळ्यासारख्या आखातात प्लँक्टन कोंडलं जातं. कधीकधी शंभराच्या आसपास मांटा जमून गोल गोल फिरत चरतात. तुम्ही पाण्यावर निवांत तरंगत राहिलात, तर एखादा तोंड वासून समोरून येतो आणि अगदी जवळ येऊन सहज खाली वळतो. त्या क्षणी तोंडाच्या आतल्या पट्ट्यांच्या रांगा दिसतात.

इथे स्कूबाला, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारायला, बंदी आहे; फक्त स्नॉर्केल, म्हणजे तोंडात श्वासाची नळी धरून पोहणं, चालतं. हात लावू नका. अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघतो. पाठलागही नको. बिथरलेला मांटा चरणं सोडून निघून जातो, आणि अशी भरती रोज येत नाही.