इमेज-गायडेड ब्रेस्ट बायोप्सी

स्तनात काही संशयास्पद दिसलं की तिथला बारीक तुकडा सुईने काढून तपासायला पाठवतात, आणि ती सुई नेमकी त्याच जागी जातेय ना हे सोनोग्राफी, मॅमोग्राफी (स्तनाचा एक्सरे) नाहीतर एमआरआयवर बघत बघत करतात, म्हणून हे नाव. हाताला लागणाऱ्या गाठीतही इमेज वापरलेलीच बरी, कारण सुई चुकून शेजारच्या चांगल्या भागात गेली तर रिपोर्ट नॉर्मल येतो आणि आजार तसाच राहतो.

गाठ सोनोग्राफीत दिसत असेल तर पहिली पसंती तिलाच. रेडिएशन नाही, स्तन दाबावा लागत नाही. पेशंट हात डोक्यावर घेऊन झोपते, त्या जागेपुरती भूल देतात, मग छोटीशी चीर आणि बहुतेक वेळा १४ गेजची (साधारण २ मिलिमीटर जाडीची) कोअर सुई, म्हणजे बारीक तुकडा कापून घेणारी. सुई छातीच्या भिंतीला समांतर ठेवायची, कारण तिरकी खाली गेली तर मागे फुप्फुस आहे. स्क्रीनवर ती पांढऱ्या रेघेसारखी सरकताना दिसते, टोक गाठीच्या कडेला टेकलं की स्प्रिंग सोडतात, टक्क असा मोठा आवाज होतो (तो आधीच ऐकवावा, नाहीतर पेशंट दचकते) आणि सुई साधारण २ सेंटिमीटर पुढे जाऊन तुकडा घेते. असे बरेचदा ४-५ तुकडे घेतात.

मॅमोग्राफीत कधीकधी मीठ सांडल्यासारखे कॅल्शियमचे पांढरे कण दिसतात, ते सोनोग्राफीत बहुतेकदा सापडतच नाहीत. तिथे स्टिरिओटॅक्टिक पद्धत. स्तन दाबून धरलेला असताना मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना १५ अंशांवरून दोन फोटो काढतात, त्या दोन फोटोंत कण जेवढे सरकलेले दिसतात त्यावरून कॉम्प्युटर खोली काढतो. यासाठीचं यंत्र स्वीडनमध्ये तयार झालं, १९७७ मध्ये त्याची माहिती छापून आली. आता टोमोसिंथेसिसवरही (थराथराने फोटो दाखवणारी मॅमोग्राफी) हेच करतात. इथे जाड, व्हॅक्यूमवाली (तुकडा आत ओढून घेणारी) सुई लागते, आणि काढलेल्या तुकड्यांचा लगेच एक्सरे घेतात, त्यात कण दिसले म्हणजे सुई बरोबर जागी गेली होती.

फक्त एमआरआयमध्येच दिसणारी जागा असेल तर आधी पुन्हा एकदा सोनोग्राफीत नीट शोधतात, नाहीच सापडली तर एमआरआयमध्ये पालथं झोपवून, शिरेतून गॅडोलिनियमचं औषध (त्याने ती जागा उठून दिसते) देऊन बायोप्सी. औषध थोड्या वेळात ओसरतं आणि जागा अंधुक होते, त्यामुळे घाई असते.

शेवटी बहुतेकदा तिळाएवढी टायटॅनियमची क्लिप आत ठेवतात, म्हणजे पुढे ऑपरेशन लागलं तर जागा सापडते. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो ही भीती खूप जणींना असते, पण त्यासाठी तपासणी टाळू नये, टाळण्यातच खरा धोका आहे.

रिपोर्ट आला की तो फोटोशी जुळतो का हे रेडिओलॉजिस्टने बघायलाच हवं. फोटोत कॅन्सरसारखी काटेरी कडा आणि रिपोर्टमध्ये साधी गाठ, असं असेल तर तो रिपोर्ट धरून चालत नाहीत, बायोप्सी परत करतात किंवा ऑपरेशन करून तो भाग काढतात.