कऱ्हाडचं भाषण, महाबळेश्वरची खुर्ची

साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर जानेवारी २०२६ च्या पहिल्या चार दिवसांत ९९वं साहित्य संमेलन पार पडलं. संमेलन कुठेही असो, एक वाद ठरलेला असतो: मंत्री व्यासपीठावर कशाला? आणि या वादात कुणीतरी कऱ्हाडचा, म्हणजे तिथल्या १९७५ च्या संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी आणीबाणीत केलेल्या भाषणाचा, दाखला देतंच. दाखला खोटा नाही, पण तो अर्धाच सांगितला जातो. कऱ्हाड ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात, २००९ मध्ये महाबळेश्वरला, अध्यक्षाविना संमेलन उरकावं लागलं होतं. तो दाखला सहसा कुणी देत नाही. हे टिपण मुख्यतः त्या दुसऱ्या संमेलनाबद्दल आहे, पण तिथे पोचायचं तर कऱ्हाडवरूनच जावं लागतं.

फार मागे जायचं कारण नाही. पुण्यातली १८७८ आणि १८८५ ची पहिली दोन ग्रंथकार संमेलनं, न्यायमूर्ती रानड्यांचं निमंत्रण, त्याला जोतीरावांनी दिलेलं खरमरीत उत्तर आणि त्यातले ते ‘घालमोडे दादा’ हे शाळेपासून सगळ्यांना पाठ आहे. एवढंच लक्षात ठेवायचं की जोतीरावांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, आणि त्यांचा आक्षेप व्यासपीठावर कोण बसतं याला नव्हता. ज्यांच्या सभांमध्ये आणि पुस्तकांमध्ये सगळ्या माणसांच्या हक्कांचा विचारच नाही त्यांच्यात आम्ही येऊन काय करू, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

‘राजकारण बाहेर ठेवा’ ही मागणी मुळात उशिरा आलेली आहे, आणि ते साताऱ्याइतकं दुसरीकडे कुठे स्पष्ट दिसत नाही. १९०५ चं तिसरं संमेलन सातारला झालं. त्याचे अध्यक्ष सातारचेच वकील, टिळकांच्या गोटातले. १९६२ ला संमेलन पुन्हा सातारला आलं तेव्हा अध्यक्षपदी स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळातले माजी मंत्री होते, पंजाबचं राज्यपालपदही भूषवलेले. १९९३ ला तिसऱ्यांदा आलं, मुंबईतल्या दंगलींच्या वर्षी. तेव्हाचे अध्यक्ष नाटककार आणि संपादक म्हणून मोठे होतेच, शिवाय एका प्रादेशिक पक्षाचे लोकसभेतले माजी खासदार होते. म्हणजे सातारा शहरात २०२६ च्या आधी झालेल्या तिन्ही संमेलनांत राजकारणी माणूस नुसता व्यासपीठावर नव्हता, तो मधल्या खुर्चीवर होता. तिघांचंही लिखाण होतं, हे मान्य. पण विधिमंडळात बसणाऱ्याने साहित्याच्या मांडवात पाऊल टाकू नये, अशी सोवळी कल्पना तेव्हाच्या सातारकरांच्या डोक्यात असावी असं वाटत नाही. शेजारच्या सांगलीत १९४३ आणि २००८ अशी दोन संमेलनं झाली, दोन्हीचे अध्यक्ष अध्यापक-लेखक. तिथे हा प्रश्न तितका टोकाला गेला नाही.

मग कऱ्हाड. डिसेंबर १९७५. आणीबाणी लागून पाच महिने उलटून गेलेले, वर्तमानपत्रांवर पूर्वनियंत्रण, विरोधी नेते तुरुंगात. जयप्रकाश नारायण मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे नोव्हेंबरात सुटले होते आणि मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते. संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत, आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण: देशाचे परराष्ट्रमंत्री, साताऱ्याचे खासदार, आणि कऱ्हाड म्हणजे त्यांचं घरच. त्या मांडवात दुर्गाबाईंनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली आणि लेखनस्वातंत्र्याबद्दल जे बोलायचं ते आडपडदा न ठेवता बोलल्या. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली, तीही मुंबईत एशियाटिकच्या ग्रंथालयातून. पुढे सरकारी सन्मान त्यांनी घेतले नाहीत.

ही कथा आपल्याकडे लेखणी विरुद्ध सत्ता अशी सांगितली जाते. खरी आहे, फक्त तिच्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. कऱ्हाडच्या मांडवात मंत्री नसते तर ते भाषण एवढं गाजलं असतं का? ज्या मंत्रिमंडळाने आणीबाणी लादली त्यातला एक ज्येष्ठ मंत्री ऐकणाऱ्यांत होता, यजमान होता, आणि तरीही अध्यक्षांचा शब्द कुणी अडवला नाही. पाहुणीने यजमानाची भीड धरली नाही. यशवंतरावांचं श्रेय त्यात किती मोजायचं यावर आमच्या भागात अजून वाद होतात. त्यांच्या भक्तांना ते जरा जास्तच मोजायची सवय आहे, आणि पुण्या-मुंबईचे लोक ते मोजतच नाहीत. ते काही असलं तरी, राजकारण्याला व्यासपीठावरून उठवण्यासाठी कऱ्हाडचं नाव घेणं म्हणजे कऱ्हाडला जे घडलं त्यातली अर्धी बाजूच काढून टाकणं आहे.

मधल्या वर्षांत पैशाचा प्रश्न वर आला. १९९९ ला मुंबईत अध्यक्षांनी सरकारवर टीका केल्यावर सत्तेतल्या पक्षाच्या प्रमुखांनी साहित्यिकांच्या संमेलनाला बैलबाजार म्हटलं, आणि सरकारने दिलेल्या २५ लाखांची आठवण करून दिली. त्याच वर्षी धारावीत पहिलं विद्रोही साहित्य संमेलन भरलं. त्या धाग्याचं मूळ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या शाहीर अण्णा भाऊ साठेंकडे जातं, ज्यांनी १९५८ च्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनात पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, असं सांगितलं होतं. अनुदान पुढे वाढत २ कोटींपर्यंत गेलं. मिंधेपणा त्याच हिशेबात वाढला, असं म्हणायला मात्र पुरावा लागेल, कारण २०१८ ला बडोद्यात अध्यक्षांनी ‘राजा, तू चुकतो आहेस’ असं भर मांडवात सुनावलंच होतं, आणि ते स्वतः निवृत्त सनदी अधिकारी होते.

आता महाबळेश्वर.

२००९ चं ८२वं संमेलन आधीच भांडणात जन्माला आलं होतं. ते अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला घ्यायचं असं एक टूम निघालं होतं. त्यावर बरीच धुळवड झाली, आणि शेवटी तिकडे वेगळं विश्व संमेलन घेऊन मूळ संमेलन २० ते २२ मार्चला महाबळेश्वरला घ्यायचं ठरलं. अध्यक्षपदाची निवडणूक रीतसर झाली. तेव्हा संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाच्या घटक संस्थांचे मिळून हजाराच्या आसपास मतदार असत, मतपत्रिका टपालाने जात. ग्रामीण साहित्याचे मोठे लेखक आनंद यादव निवडून आले.

त्यांची संत तुकारामांच्या आयुष्यावरची कादंबरी तेव्हा बाजारात होती. तिच्यात तुकोबांच्या तरुणपणाबद्दल जे रंगवलं होतं ते वारकऱ्यांना लागलं. आक्षेप काय होता हे नीट सांगितलं पाहिजे, कारण नंतर त्याची ‘झुंडशाही’ या एका शब्दात वासलात लावली गेली. म्हणणं असं होतं की अभंगांत नाही, परंपरेत नाही, कुठल्या कागदात नाही, ते लेखकाने कल्पनेने घातलं आणि पुस्तक मात्र चरित्रात्मक म्हणून विकलं जातंय. आक्षेप म्हणून हा फालतू नव्हता. कादंबरीकाराला किती मोकळीक असावी, ज्याचे अभंग रोज लाखो तोंडांत आहेत अशा माणसाबद्दल ती तेवढीच असावी का, हे प्रश्न समीक्षेच्या मासिकात पंधरा पानं घेऊन लढवण्यासारखे होते.

ते तिथे लढवले गेले नाहीत. मराठीत चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या येऊन जेमतेम दोन वर्षं होत होती. कादंबरीतला एखादा परिच्छेद पडद्यावर चौकटीत आला की त्याच्या मागची आणि पुढची पानं आपोआप गळतात. ज्यांनी पुस्तक हातात घेतलं नव्हतं त्यांचंही मत तयार झालं, आणि हे दोन्ही बाजूंनी झालं. लेखकाच्या बाजूने बोलणाऱ्यांतही पुस्तक वाचलेले किती होते देव जाणे. त्यात लोकसभेची निवडणूक २ मार्चला जाहीर झाली होती. पश्चिम महाराष्ट्रात वारकऱ्यांच्या विरोधात उभं राहायला मार्च २००९ मध्ये कुठलाच पक्ष तयार होणार नव्हता, आणि कुणी झालाही नाही. राजकारण्यांनी साहित्यात लुडबुड करू नये हा नियम सगळ्या पक्षांनी त्या एका महिन्यात मात्र अगदी मनापासून पाळला.

यादवांनी माफी मागितली. पुस्तक मागे घेतलं गेलं. तरी अध्यक्षपद सोडा ही मागणी राहिलीच, आणि संमेलन तोंडावर आलं असताना त्यांनी राजीनामा दिला. महाबळेश्वरला मांडव पडला, पाहुणे आले, परिसंवाद झाले, अध्यक्ष नव्हते.

वादाचा खरा मुद्दा हा राजीनामा. महामंडळाच्या बाजूने सांगितलं जातं ते असं: त्यांनी स्वतः दिला, आम्ही काढलं नाही. लेखकच जर आपल्या पुस्तकाच्या मागे उभा नाही, त्याने ते मागे घेतलंय, माफी मागितलीय, तर संस्थेने कुणासाठी आणि कशासाठी लढायचं? शिवाय गडबड झाली असती तर जबाबदारी कुणाची? थंड हवेचं डोंगरावरचं गाव, एक घाटरस्ता वाईकडून, एक मेढ्याकडून, एक पोलादपूरकडून, बंदोबस्त करायचा तरी किती?

या युक्तिवादाला वजन आहे. मला त्यातली एकच गोष्ट मान्य नाही, आणि ती मोठी आहे. पुस्तक लेखकाचं होतं, ते ठेवायचं की मागे घ्यायचं हा त्याचा हक्क. खुर्ची मात्र त्याच्या मालकीची नव्हती. ती हजारभर मतदारांनी मत देऊन त्याला दिलेली होती. पुस्तकाबद्दलच्या तक्रारीची भरपाई पुस्तकाने झाली होती, किंबहुना गरजेपेक्षा जास्त झाली होती. त्यापुढे खुर्ची मागितली गेली तेव्हा नाही म्हणायचं काम एकट्या, सत्तरी ओलांडलेल्या लेखकाचं नव्हतं, ज्या संस्थेने निवडणूक घेतली तिचं होतं. राजीनामा आला तर तो स्वीकारायचा की नाही, हा निर्णय तिच्या हातात होता. सरकारने बंदी घातली नव्हती. आणीबाणी नव्हती, पूर्वनियंत्रण नव्हतं. माजी अध्यक्षांच्या याद्यांत २००९ पुढे त्यांचं नाव आजही छापलं जातं, हा त्यातला विचित्र भाग. यादीत अध्यक्ष आहे, मांडवात नव्हता.

आणि म्हणून, कऱ्हाडशी तुलना करायची तर ती अशी करावी लागते. कऱ्हाडला समोर दिसणारी सत्ता होती, तिला नाव-गाव-खातं होतं, आणि बोलणारी बाई जागेवर होती. महाबळेश्वरला बोलणाराच जागेवर नव्हता. आपण कऱ्हाड आठवतो कारण त्यात आपण सगळे दुर्गाबाईंच्या बाजूचे असतो. महाबळेश्वरला आपण कोणत्या बाजूला होतो ते सांगणं अवघड जातं.

पुढे हीच रीत यवतमाळला वापरली गेली. जानेवारी २०१९ च्या संमेलनाच्या उद्घाटनासाठी इंग्रजीत लिहिणाऱ्या एका ज्येष्ठ लेखिकेला बोलावलं होतं. त्यांनी २०१५ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार परत केला होता. इंग्रजी लेखिका मराठी संमेलनात कशाला, अशी कुरकुर झाली, उधळून लावायची भाषा झाली, आणि निमंत्रण मागे घेतलं गेलं. पुन्हा तेच: वरून आदेश आल्याचा कागद नाही, कुणी काढल्याची नोंद नाही. त्यांचं न झालेलं भाषण मराठीत येऊन गावोगाव वाचलं गेलं, झालं असतं तर इतकं गेलं नसतं. उद्घाटन आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने केलं, आणि मावळत्या अध्यक्षांनी आयोजकांना जे ऐकवायचं ते ऐकवलं. व्यासपीठावर माणूस असला की बोलायची शक्यता उरते, ती अशी.

त्याच यवतमाळपासून अध्यक्षाची निवडणूकही बंद झाली. २०१८ मध्ये घटना बदलून सन्मानाने निवड करायची ठरली. कारणं सगळ्यांना पटण्यासारखी होती: मोठे लेखक मतांसाठी दारोदार जायला तयार नसत, गठ्ठा मतांच्या कहाण्या होत्या, पडलेल्याचा अपमान होई. बदलानंतर आलेली नावं पाहिली तर तक्रारीला जागा फारशी नाही. फेब्रुवारी २०२५ ला दिल्लीत सांगलीच्या लोकसाहित्याच्या अभ्यासक अध्यक्ष झाल्या, आणि त्या नेमस्तपणे बोलणाऱ्यांतल्या नाहीत. उद्घाटनाला पंतप्रधान होते, स्वागताध्यक्ष देशातले ज्येष्ठ नेते. अध्यक्षांनी बोलायचं ते बोलल्या. पण त्या तीन दिवसांतलं वाहिन्यांवर सगळ्यात जास्त वाजलं ते एका राजकीय पाहुणीने मुलाखतीत काढलेलं मर्सिडीज गाड्यांबद्दलचं वाक्य. सांगलीतल्या एखाद्या चहाच्या टपरीवर त्या संमेलनाची आठवण काढा, गाडी आधी निघेल.

साताऱ्यात २०२६ ला स्वागताध्यक्ष राज्याचे मंत्री आणि राजघराण्यातले, अध्यक्ष ऐतिहासिक कादंबऱ्यांचे लोकप्रिय लेखक आणि माजी सनदी अधिकारी. १९०५, १९६२, १९९३ च्या ओळीत हे चपखल बसतं, त्यामुळे मंत्री व्यासपीठावर का, यावर घसा कोरडा करण्यात अर्थ नाही. विचारायचं ते महामंडळाला, आणि ते शंभराव्या संमेलनाच्या आधी विचारलेलं बरं. महाबळेश्वरला निदान हजार मतदार होते, आमचं मत कुठे गेलं असं विचारू शकणारे. त्यांनीही तेव्हा विचारलं नाही, ते सोडा. आता नावं घटक संस्थांकडून येतात आणि बैठकीत ठरतात. उद्या एखाद्या अध्यक्षाची खुर्ची मागायला कुणी दारात उभं राहिलं, तर राजीनामा स्वीकारायचा की फेटाळायचा आणि कुणी, याबद्दल घटनेत एक स्पष्ट कलम घालता येईल. घटना एकदा बदलली आहे, दुसऱ्यांदा बदलायला हरकत नसावी.